सागरी सूक्ष्म शैवाल गोठवून दीर्घकाळ जपण्याची पद्धत : क्रम, काळजी आणि नेहमीच्या चुका

कोळंबी बीजोत्पादन केंद्रात किंवा मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शैवालाचे मूळ वाण जपायचे ठरते, तेव्हा बहुधा असे घडते. वाढलेल्या कल्चरमध्ये, म्हणजे माध्यमात वाढवलेल्या जिवंत शैवालात, ग्लिसरॉल घालून कुप्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या जातात. सहा महिन्यांनी एक कुपी बाहेर निघते, आतला रंग हिरवा दिसतो म्हणून समाधान मानले जाते, आणि पंधरा दिवसांनी फ्लास्कच्या तळाशी फिकट गाळ तेवढा उरतो. दोष फ्रीजरला दिला जातो. प्रत्यक्षात शैवाल गोठवताना जितके मरते त्याहून अधिक ते गोठवण्याआधीच्या निष्काळजीपणामुळे आणि वितळवल्यानंतरच्या घाईमुळे मरते. म्हणून पुढील लेखात फ्रीजरला थोडी आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

ही पद्धत टेट्रासेल्मिस, नॅनोक्लोरॉप्सिस, कीटोसेरॉस, थॅलासिओसायरा अशा हॅचरीत नेहमी लागणाऱ्या वाणांसाठी आहे. नॅनोक्लोरॉप्सिससारख्या लहान, जाड भित्तीच्या पेशी गोठणे सहज सोसतात, टेट्रासेल्मिसही बऱ्यापैकी साथ देते, तर कीटोसेरॉस, थॅलासिओसायरा या डायटम (सिलिकाच्या कवचाच्या शैवाल) मंडळींना अधिक सांभाळावे लागते. डायनोफ्लॅजेलेट आणि ऱ्होडोमोनाससारखी क्रिप्टोफाइट शैवाले यांच्या वाट्याला साधारण प्रयोगशाळेने जाऊ नये. त्यांचे नियमित उपसंवर्धनच, म्हणजे थोडे कल्चर ताज्या माध्यमात पुन्हा वाढवणे, चालू ठेवावे.

१. आधी जमवून ठेवायचे साहित्य

गोठवण्याच्या दिवशी शोधाशोध करावी लागली, तर डीएमएसओ या रक्षक रसायनात भिजत पडलेल्या पेशी तुमची वाट पाहत मरतात. त्यामुळे पुढील गोष्टी आदल्या दिवशीच टेबलावर असाव्यात.

– स्क्रू झाकणाच्या, निर्जंतुक, २ मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलीन क्रायोकुप्या. काचेच्या कुप्या नकोत.
– प्रयोगशाळा दर्जाचे शुद्ध डायमेथिल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ.
– ज्या खारटपणाच्या पाण्यात शैवाल वाढले, त्याच पाण्यात केलेले ताजे निर्जंतुक एफ/२ माध्यम (शैवालाची पोषकद्रव्ये घातलेले समुद्राचे पाणी). वॉल्नी माध्यम वापरत असाल तर तेच.
– मंदगतीने गोठवणारा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा डबा. यातील अल्कोहोल दर पाच वापरांनंतर बदलायचे असते आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते.
– उणे ८० अंशांचा फ्रीजर, द्रवरूप नायट्रोजनचा कंटेनर, लांब चिमटा, चेहऱ्याचे कवच, थंडीचे हातमोजे.
– ४० अंशांवर स्थिर राहणारा पाण्याचा बाथ आणि त्यात बुडवून ठेवलेला साधा थर्मामीटर. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये.
– हिमोसायटोमीटर (पेशी मोजण्याची आखलेली काचपट्टी) आणि सूक्ष्मदर्शक.

द्रवरूप नायट्रोजन आपल्याकडे वाटतो तितका दुर्मीळ नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धनाच्या केंद्रात चौकशी केल्यास पुरवठ्याची वाट सापडते आणि कंटेनर हाताळणारा अनुभवी माणूसही भेटतो. त्या माणसाबरोबर घालवलेला अर्धा तास पुस्तकापेक्षा उपयोगी ठरतो.

सावधान : १ लिटर द्रवरूप नायट्रोजनपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. बंद खोलीत तो हवेतील ऑक्सिजन ढकलून देतो, आणि त्याला वास नसल्यामुळे काही कळण्याआधीच माणूस कोसळतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एकट्याने काम करू नये आणि कंटेनर लिफ्टमधून माणसांसोबत नेऊ नये.

२. कल्चर तयार करणे : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

जुने, पिवळसर पडलेले, कोपऱ्यात विसरलेले कल्चर जपण्यासाठी म्हणून गोठवायला घेतले जाते. मरणोन्मुख पेशी गोठवून मरणोन्मुख पेशीच परत मिळतात. वाण जपायचा असेल तर तो जोमात असताना जपावा.

गोठवण्याच्या साधारण दोन आठवडे आधी ताजे उपसंवर्धन करावे. पेशींची दररोज किंवा एक दिवसाआड मोजणी करून वाढीचा आलेख कागदावर काढावा. जलद वाढीचा काळ संपत आला आणि आलेख आडवा होऊ लागला, की ती योग्य वेळ समजावी. ऐन विभाजनाच्या भरातील पेशी नाजूक असतात, तर फार उशिरा घेतलेल्या पेशींचे पोषण संपलेले असते. दर मिलिलिटरला १० लाख ते १ कोटी पेशी ही कामचलाऊ मर्यादा आहे. कीटोसेरॉसला खालचा आकडा पुरतो, नॅनोक्लोरॉप्सिस वरच्या आकड्याकडे सहज जाते.

पेशी कमी आहेत म्हणून कल्चर जोरात सेंट्रिफ्यूज करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण डायटमचे काटे मोडतात, कशाभिका (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) असलेल्या पेशी कशाभिका टाकून देतात, आणि अशा जखमी पेशी पुढचा ताण सोसत नाहीत. फ्लास्क रात्रभर अंधुक उजेडात स्थिर ठेवून वरचे पाणी पिपेटने काढून घेतले, तरी डायटम पुरेसे दाट होतात.

डायटमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. पिढ्यान्‌पिढ्या विभाजन होताना त्यांच्या पेशींचा सरासरी आकार लहान होत जातो. अनेक वर्षे चालवलेल्या वाणात पेशी फार बारीक झाल्या असतील, तर गोठवण्याने तो आकार जसाचा तसा जपला जाईल, सुधारणार नाही. वाण आणल्या आणल्या गोठवणे हेच शहाणपण.

खारटपणाकडे दुर्लक्ष नको. कोकणात पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी घेतलेले पाणी बरेच गोडे झालेले असते. उन्हाळ्यात भरून, गाळून, अंधारात साठवलेले पाणी वर्षभर वापरावे, किंवा निदान रिफ्रॅक्टोमीटरने दर वेळी मोजून नोंद करावी. कल्चर, हिमरक्षकाचे (गोठताना पेशी वाचवणाऱ्या डीएमएसओचे) द्रावण आणि वितळवल्यानंतरचे माध्यम या तिन्हींचा खारटपणा एकच असला पाहिजे. पेशी गोठण्यातून वाचतात आणि नंतरच्या पाण्याने फुटतात, असे पुष्कळदा घडते.

तपासणी : सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठे करून एक थेंब पाहावा. पेशींचा रंग भरलेला आहे का, टेट्रासेल्मिस पोहते आहे का, इतर शैवाल किंवा प्रोटोझोआ शिरलेले नाहीत ना, जिवाणूंची गर्दी नाही ना, हे तपासून मगच पुढे जावे. शैवाल अशुद्ध असेल तर गोठवणे पुढे ढकलावे. अशुद्धीही उत्तम गोठते, आणि वितळल्यावर शैवालाच्या आधी तीच उठून बसते.

३. हिमरक्षकाचे द्रावण

पेशीच्या आतले पाणी स्फटिक होऊन पेशी फाडते, हा एक धोका. बाहेरचे पाणी आधी गोठल्यामुळे उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते आणि पेशी त्यात सुकून मरते, हा दुसरा. डीएमएसओ पेशीत शिरून दोन्ही धोके कमी करते. ग्लिसरॉल जिवाणूंना चालते, पण बऱ्याच शैवालांत ते फार हळू शिरते, म्हणून इथे ते घेऊ नये. मेथॅनॉल गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांसाठी चांगले आहे. सागरी वाणांसाठी पहिली निवड डीएमएसओचीच ठेवावी.

दुप्पट तीव्रतेचे द्रावण करावे, म्हणजे ते कल्चरच्या बरोबरीने मिसळता येते. अंतिम १० टक्के हवे असेल तर २० मिलिलिटर डीएमएसओ घेऊन माध्यमाने एकूण १०० मिलिलिटर करावे. अंतिम ५ टक्के हवे असेल तर १० मिलिलिटर घ्यावे. डीएमएसओ माध्यमात थेंबाथेंबाने घालून ढवळत राहावे. मिसळताना द्रावण चांगलेच गरम होते, म्हणून ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत कल्चरजवळही नेऊ नये. गरम द्रावण ओतून पेशी शिजवल्याची उदाहरणे मी एकाहून अधिक प्रयोगशाळांत पाहिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी संशय मात्र डीएमएसओच्या बाटलीवर होता.

डीएमएसओ सुमारे १८.५ अंशांखाली घट्ट होते. एसीच्या खोलीत बाटली गोठलेली दिसली तर ती खराब झालेली नसते, कोमट पाण्यात ठेवून वितळवावी. द्रावण गाळायचे असेल तर पीटीएफई किंवा नायलॉनचा फिल्टर घ्यावा, कारण सेल्युलोज अॅसिटेट आणि सेल्युलोज नायट्रेटची पटले शुद्ध डीएमएसओमध्ये विरघळतात.

सावधान : डीएमएसओ कातडीतून आत जाते आणि सोबत इतर रसायनेही नेते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि द्रावण सांडल्यास मोजे लगेच बदलावेत.

४. कुप्यांवर खुणा आणि नोंदवही

हे काम पेशी मिसळण्याआधी करायचे. वाणाचे नाव, कुपीचा क्रमांक, डीएमएसओचे प्रमाण आणि तारीख अतिशीत तापमान सोसणाऱ्या लेबलवर किंवा अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनाने लिहावी. साधे कागदी लेबल नायट्रोजनमध्ये सुटते, आणि मग कंटेनरच्या तळाशी दहा निनावी कुप्या आणि दहा अनाथ चिठ्ठ्या सापडतात. नोंदवहीत माध्यम, खारटपणा, पेशींची संख्या आणि कुपीची कंटेनरमधली नेमकी जागा लिहावी.

एका वाणाच्या किमान दहा कुप्या भराव्यात : दोन चाचणीसाठी, दोन दुसऱ्या संस्थेत किंवा निदान दुसऱ्या इमारतीत ठेवण्यासाठी, बाकी साठ्यासाठी.

५. मिसळणे आणि मुरवणे

(क) कल्चर आणि द्रावण दोन्ही एकाच तापमानाला, म्हणजे २० ते २५ अंशांना असावीत.

(ख) दिवा मंद करावा. डीएमएसओमध्ये असलेल्या पेशींना तीव्र प्रकाश सोसत नाही.

(ग) निर्जंतुक नळीत कल्चर घेऊन त्यात तेवढेच द्रावण सुमारे १० मिनिटांत थोडे थोडे घालावे, आणि दर वेळी नळी हलकेच उलटसुलट करावी. शुद्ध डीएमएसओ थेट कल्चरमध्ये कधीही ओतू नये. ते पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तिथल्या पेशी क्षणात मारते.

(घ) प्रत्येक कुपीत १ मिलिलिटर भरावे. काठोकाठ भरू नये, गोठताना पाणी फुगते.

(च) शेवटचे द्रावण घातल्यापासून १५ मिनिटे अंधुक उजेडात ठेवावे. अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नये. फोन आला, चहा आला, तरी जाऊ नये.

तुलनेच्या कुप्या : याच वेळी आणखी तीन प्रकारच्या कुप्या तयार कराव्यात. एकीत नुसते कल्चर, न गोठवता. दुसरीत डीएमएसओ घातलेले, पण न गोठवलेले कल्चर. तिसरीत डीएमएसओशिवाय गोठवलेले कल्चर. या तिघींशिवाय पुढे अपयश आले तर ते रसायनाचे की थंडीचे, हे कळायला मार्ग नसतो. नव्या वाणासाठी ५ आणि १० टक्के अशी दोन्ही प्रमाणे करून पाहावीत. दुसऱ्या प्रकारच्या कुपीतील पेशी १० टक्क्यांत मरत असतील, तर ५ टक्क्यांकडे वळावे.

६. मंदगतीने थंड करणे

कुप्या अल्कोहोलच्या डब्यात लावाव्यात. डबा खोलीच्या तापमानाला असावा, आधीच फ्रीजरमध्ये थंड केलेला नसावा. रिकाम्या खाचांत नुसते माध्यम भरलेल्या कुप्या ठेवाव्यात, म्हणजे दर वेळी थंड होण्याची गती सारखी राहते. मग डबा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये सपाट जागी ठेवावा. त्याच्याभोवती हवा खेळली पाहिजे, बर्फाच्या ढिगात तो खुपसू नये.

डबा मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड होतो. या गतीत बाहेरचे पाणी आधी गोठते आणि पेशीतले पाणी हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे आत मोठे स्फटिक होण्याइतके पाणी उरत नाही. उणे ४० अंश गाठले की पेशी पुढच्या धक्क्याला तयार झालेल्या असतात. डब्यात यासाठी ९० मिनिटे धरावीत. संगणकनियंत्रित यंत्र असेल तर मिनिटाला १ अंशाने उणे ४० पर्यंत उतरवून तिथे १५ मिनिटे थांबावे.

या ९० मिनिटांत फ्रीजरचे दार उघडू नये. दारावर चिठ्ठी लावावी. चिठ्ठी कोणी वाचत नाही, म्हणून शक्य असेल तर कुलूपही लावावे.

७. नायट्रोजनमध्ये नेणे

द्रवरूप नायट्रोजनने भरलेले लहान रुंद तोंडाचे भांडे फ्रीजरशेजारीच आणून ठेवावे. डबा काढून कुप्या काही सेकंदांत चिमट्याने त्यात बुडवाव्यात. १ मिलिलिटरची कुपी हवेत फार वेगाने तापते; कॉरिडॉर ओलांडून पलीकडच्या खोलीत नेण्याइतका वेळ तिच्याकडे नसतो. सर्व कुप्या उणे १९६ अंशांना आल्या की त्या कंटेनरमधील ठरलेल्या जागी लावाव्यात.

शक्य असेल तेथे कुप्या द्रवात न ठेवता द्रवावरच्या वाफेत ठेवाव्यात. झाकण किंचित सैल असेल तर द्रव कुपीत झिरपतो, आणि वितळवताना त्याचा वायू होऊन कुपी फुटते. द्रवातून काढलेली कुपी वितळवताना चेहऱ्याचे कवच घातलेच पाहिजे.

नेहमीची चूक : कुप्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्येच कायमच्या ठेवणे. त्या तापमानाला बर्फाचे बारीक स्फटिक हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होत राहतात. महिन्यानंतर काही पेशी जिवंत मिळाल्या, म्हणजे पद्धत चालली असे होत नाही. वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी तापमान उणे १३५ अंशांच्या खालीच हवे.

८. वितळवणे

साठ्यावर विश्वास ठेवण्याआधी, एक-दोन दिवसांतच दोन कुप्या वितळवून पाहाव्यात. तोवर जिवंत कल्चर टाकून देऊ नये.

कुपी चिमट्याने काढून थेट ४० अंशांच्या पाण्यात धरावी आणि सतत हलवत राहावी. झाकण पाण्याबाहेर ठेवावे. १ मिलिलिटरसाठी साधारण दोन मिनिटे लागतात. बर्फाचा शेवटचा इवलासा तुकडा दिसत असतानाच कुपी बाहेर काढावी. सगळे वितळेपर्यंत थांबल्यास डीएमएसओसह पेशी तापतात. गोठवताना हळू, वितळवताना झपाट्याने, हा क्रम उलटा करू नये. टेबलावर ठेवून सावकाश वितळवलेली कुपी बहुधा वाया जाते. कुपी बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसून, खोलीतला उजेड मंद करून मगच ती उघडावी.

९. डीएमएसओ काढणे आणि अंधारातली विश्रांती

पेशीत शिरलेले डीएमएसओ बाहेर पडायला वेळ लागतो. एकदम ताज्या माध्यमात टाकल्यास पाणी आत धावते आणि पेशी फुगून फुटते. म्हणून कुपीतील मजकूर निर्जंतुक नळीत घेऊन त्यात १ मिलिलिटर माध्यम पाच मिनिटांत थेंबाथेंबाने घालावे, मग ३ मिलिलिटर आणखी पाच मिनिटांत, आणि शेवटी सगळे १५ मिलिलिटर माध्यम असलेल्या फ्लास्कमध्ये ओतावे. एकूण २० मिलिलिटरमध्ये १० टक्क्यांचे डीएमएसओ अर्ध्या टक्क्यावर येते. या वेळी सेंट्रिफ्यूज न वापरणे उत्तम. डायटमसाठी माध्यमात सिलिकेट घातले आहे ना, हे पुन्हा एकदा पाहावे.

फ्लास्क २४ तास पूर्ण अंधारात, नेहमीच्या वाढीच्या तापमानाला ठेवावा. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुखावलेली असताना उजेड मिळाला, तर पेशी स्वतःच तयार केलेल्या घातक ऑक्सिजन-रेणूंनी जळतात. त्यानंतर एक आठवडा फार मंद उजेड द्यावा, दर चौरस मीटरला दर सेकंदाला ५ ते १० मायक्रोमोल पुरे. मीटर नसेल तर फ्लास्क पांढऱ्या कागदाच्या दोन थरांत गुंडाळून रॅकच्या कोपऱ्यात ठेवावा. या काळात हवा सोडू नये आणि फ्लास्क जोरात हलवू नये.

१०. जिवंतपणा मोजणे

वितळलेली कुपी हिरवी किंवा तपकिरी दिसते, यावरून काहीही सिद्ध होत नाही. मेलेल्या पेशीतले हरितद्रव्य काही दिवस तसेच टिकते. फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शक असेल तर फ्लुरोसिन डायअॅसिटेट वापरावे. निळ्या प्रकाशात जिवंत पेशी हिरव्या चमकतात. मात्र ही चाचणी २४ तासांच्या अंधारानंतर करावी, कारण मरणाच्या वाटेवरच्या पेशीतली विकरेही सुरुवातीला काम करतात आणि आकडा फुगतो.

खरी कसोटी वाढीचीच. वितळवलेले नमुने आणि न गोठवलेले कल्चर सारख्याच पेशीसंख्येवर आणून दोन्हींची दहापटीने विरळ होत जाणारी पाच पातळ्यांची मालिका करावी, प्रत्येक पातळीवर तीन नळ्या ठेवाव्यात, आणि कोणत्या पातळीपर्यंत हिरवेपणा येतो ते पाहावे. नॅनोक्लोरॉप्सिस आठवड्या-दोन आठवड्यांत दिसते. डायटमला तीन-चार आठवडे लागले तरी नळ्या फेकू नयेत. या घाईपोटी चांगले वाण मृत ठरवले गेले आहेत.

किती टक्के पेशी वाचल्या म्हणजे पुरे? माझ्या मते निम्म्याच्या वर असेल तर निश्चिंत राहावे. शंभरात एक-दोनच वाचत असतील, तर वाण परत मिळेल, पण तो मूळ वाण राहिला की त्यातल्या चिवट पेशी तेवढ्या निवडल्या गेल्या, ही शंका उरतेच. अशा वेळी पुन्हा दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करावी.

दोष शोधताना असा विचार करावा : न गोठवलेली डीएमएसओ-कुपीही मेली असेल, तर रसायनाचे प्रमाण किंवा मिसळण्याची रीत चुकली. ती जिवंत आणि गोठवलेली मृत असेल, तर थंड करण्याची गती किंवा हलवताना झालेला उशीर तपासावा. पेशी दुसऱ्या दिवशी चमकत होत्या आणि आठव्या दिवशी मेल्या असतील, तर उजेड किंवा जिवाणू. द्रव दुधाळ झाले असेल तर जिवाणूच, कारण मेलेल्या शैवालावर ते पोसतात, आणि त्याचा उपाय गोठवण्याआधीच्या शुद्धीकरणात आहे.

११. साठ्याची देखभाल

कंटेनरमधील पातळी आठवड्यातून एकदा लाकडी किंवा भरीव प्लास्टिकच्या पट्टीने मोजावी. पट्टी तळापर्यंत घालून काही सेकंदांनी काढावी आणि हवेत हलवावी. जिथवर पांढरे दव जमते तिथवर द्रव. पोकळ नळी कधीही घालू नये, तिच्या वरच्या टोकातून द्रव उसळून अंगावर येतो. पातळी आणि तारीख कंटेनरलाच बांधलेल्या वहीत लिहावी आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्यांत ही जबाबदारी कोणाकडे आहे, ते नावानिशी ठरवावे. कंटेनर कोरडे पडतात ते बहुधा याच सुट्ट्यांत.

एखादी कुपी शोधताना कुप्या लावलेली संपूर्ण कांडी बाहेर काढून नावे वाचत बसू नये. कांडी मानेच्या खाली, वाफेतच ठेवून वाचावी, आणि दहा-पंधरा सेकंदांत सापडली नाही तर परत बुडवून पुन्हा प्रयत्न करावा. दर वर्षी प्रत्येक वाणाची एक कुपी वितळवून वाढ पाहावी आणि चार कुप्या उरल्या की नवा साठा भरायला घ्यावा.